कुशीवर वळवताना

हैदराबाद
६ फेब्रुवारी २०२४

गंगूअक्का,

नमस्कार लिहीत नाही. अकरा वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस, नमस्कार तरी कशाला घेशील? पण पत्र उचलावं लागत नाही, ते दारात येऊन पडतं. म्हणून लिहितेय.

आज आम्हा म्हाताऱ्यांना 'कृतज्ञतेचं पत्र' लिहायला बसवलं होतं. तुला काही कळायचं नाही, म्हणून आधी हे सांगते. युवराजनं दोन वर्षांपूर्वी मलकपेठचं घर बंद केलं आणि मला गच्चीबावलीच्या पुढं, स्वतःच्या फ्लॅटमध्ये आणलं. एकोणिसावा मजला. खाली क्लब हाऊस आहे आणि तिथं दर मंगळवारी 'आनंदसंध्या' भरते. ती चालवते प्रियदर्शिनी नावाची एक बाई. पुण्याची आहे, चाळिशीची. कंपनीतली नोकरी सोडून म्हाताऱ्या माणसांच्या मनाचा काहीतरी कोर्स करून आलीय. बाई वाईट नाही, हीच पंचाईत आहे. वाईट असती तर सरळ भांडता आलं असतं. ती आमच्याशी बालवाडीतल्या पोरांशी बोलावं तसं बोलते.

पहिल्याच दिवशी तिनं एक फॉर्म भरून घेतला. 'माझ्या आयुष्याला स्पष्ट अर्थ आहे.' एक ते सातमध्ये आकडा द्या. 'सकाळी उठताना मला उद्देश जाणवतो.' एक ते सात. मी सगळीकडे एक लिहिला आणि चहा प्यायला गेले. तिनं कागद बघितला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याच संध्याकाळी युवराजला फोन. तो मला म्हणाला, "आई, तुझा स्कोअर फार लो आलाय." माझी शुगर सांगावी तसं.

मग हसवतात. तीस माणसं गोल करून, हात वर करून हा हा, हो हो. कवळ्या हलतात. त्यात एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत, हसताना त्यांचा पायजमा ओला होतो. सगळ्यांना दिसतं, पण कुणी बघत नाही. हसणं चालूच. मला शिसारी येते अक्का. लघवीची नव्हे. छत्तीस वर्षं सरकारी वॉर्डात काय धुतलं नाही ते विचार. शिसारी येते ती त्या न बघण्याची.

तर आज कडेला फुलं छापलेले कागद वाटले. ज्याचे आभार मानायचे राहिले त्याला लिहा. मी 'गंगूअक्का' एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. प्रियदर्शिनी वाकून म्हणाली, आजी, भावना येऊ द्या. मी कागद फाडला. हे घरी येऊन वहीच्या पानावर लिहितेय. ह्यात कृतज्ञता नाही. आईचे शेवटचे सात महिने तू एकटीनं काढलेस, मला तेव्हा सुटी मिळाली नाही, हे तुला माहीत आहे. ते आत्ता नको.

भाग्या


२१ फेब्रुवारी

अक्का,

पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. उदगीरचा पत्ता जुनाच असेल असं धरून चाललेय.

काल क्लबातल्या आठजणांना 'भेटीला' नेलं. बी ब्लॉकमध्ये नामदेवराव म्हणून एक्क्याऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत. आपल्याच बाजूचे, निलंग्याकडचे. पस्तीस वर्षं मलकपेठच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं. मुलगा किशोर आणि सून अलका दोघं नोकरीला जातात, दिवसभर यादम्मा नावाची आया असते.

खोलीचं दार उघडलं आणि वास आला. तो वास कसा असतो हे तुला सांगायची गरज नाही.

बाकीच्यांचे चेहरे बदलले. एकीनं पदर नाकाला लावला. प्रियदर्शिनीनं पर्समधून सुगंधी फवारा काढला आणि डासांवर मारावा तसा त्या माणसाच्या अंगावरून दोनदा मारला. मग गोड आवाजात म्हणाली, आजोबा, बघा कोण आलंय! नामदेवरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या छातीवर गुच्छ ठेवला, फोटो काढला, आणि सगळी मंडळी हॉलमध्ये चहा आणि उस्मानिया बिस्किटं खायला गेली.

मी थांबले. यादम्माला म्हटलं, कुशीवर वळव. ती म्हणाली, "वद्दम्मा, नको, सार रागावतील." मी पुन्हा म्हटलं. वॉर्डातला तो आवाज रिटायर झाल्यापासून मी वापरला नव्हता. तिनं मुकाट्यानं खांदा धरला.

माकडहाडावर माझी मूठ जाईल एवढा खड्डा. कडा काळ्या, आत राखाडी मांस, आणि त्यावर टाल्कम पावडर थापलेली.

भिंतीकडे तोंड असलेल्या त्या माणसानं विचारलं, "सिस्टर आहात?"

मी म्हटलं, कसं ओळखलंत?

"श्वास न रोखता वाकलात." मग म्हणाले, "घोड्याला असं झालं असतं तर मालकाला मी तबेल्यात पाय ठेवू दिला नसता."

मी हॉलमध्ये गेले. अलका कप भरत होती. मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "तुमच्या सासऱ्यांची पाठ कुजतेय. तुम्ही ती शेवटची कधी बघितली?"

किशोर म्हणाला की आम्ही पूर्णवेळ आया ठेवली आहे. प्रियदर्शिनी म्हणाली की आज आपण चांगलंच बोलायचं ठरवलंय ना. अलकाच्या हातातला कप भरून बशीत सांडला.

आज सकाळी सर्जन येऊन मेलेलं मांस कापून गेला. रोजचं ड्रेसिंग मी करीन म्हणून सांगितलंय. सकाळ-संध्याकाळ.

भाग्या


१२ मार्च

अक्का,

तू म्हणशील, परक्या म्हाताऱ्यासाठी ही आता धावतेय. म्हण. मी स्वतःला सांगते की कामाची सवय आहे, बाकी काही नाही.

सकाळी सातला जाते. मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, गॉज भरायचं, घोट्याखाली उशी, हवेची गादी नीट फुगली आहे का बघायचं. दर दोन तासांनी कूस बदलायला यादम्माला शिकवलंय. तीन आठवड्यांत राखाडी जाऊन लाल दिसायला लागलं. जखमेतला तो लालपणा बघून जे वाटतं ते मी तीस म्हाताऱ्यांबरोबर हात वर करून हसताना कधी वाटलं नाही.

नामदेवराव भिंतीकडे तोंड करून बोलत असतात. घोडा आजारी पडला की आधी उभं राहणं सोडत नाही, खाणं सोडतो. पडला की संपला, म्हणून तो पडायला भितो. लंगड्या घोड्यांना गोळी घालायची वेळ आली की हे त्यांचा कान धरून उभे राहायचे. स्वतःबद्दल एवढंच म्हणाले की माझा कान धरायला कुणी नाही, सगळे गुच्छ घेऊन येतात. मी हसले. तेही हसले. ते खरं हसणं होतं.

युवराजला हे आवडलेलं नाही. लिफ्टमध्ये कुणी त्याला विचारलं म्हणे, तुमची आई कामाला जाते का? रात्री जेवताना म्हणाला, "लोकांना वाटतं तू बी ब्लॉकात आया आहेस."

मी म्हटलं, "मग हौ बोल. हो म्हणून सांग."

तो ताट सारून उठला. आपल्या आईच्या हाताला जखमेचा वास येतो म्हणून त्यानं पाण्याचा जगही तिसऱ्याच बाजूला ठेवला होता. डिग्री घेतलेला, पंचावन्न माणसांचा साहेब असलेला मुलगा. मला त्याची किळस आली अक्का, पोटच्या पोराची. लिहून टाकलं, बरं वाटलं.

आणखी एक लिहिते. मला थोडा माज आलाय. सगळे जिथून नाक दाबून पळतात तिथं मी जाते, ह्याचा. लिफ्टमध्ये मी आता मान वर करून उभी राहते.

भाग्या


१० एप्रिल

अक्का,

काल उगादी झाली, आपला पाडवा. क्लब हाऊसमध्ये मोठा कार्यक्रम होता. कडुलिंब-गुळाची पच्चडी वाटली, पोरींचे नाच झाले आणि मग दिवे मालवून पडद्यावर व्हिडिओ लावला. 'अम्माला अर्थ सापडला' हे त्याचं नाव.

पडद्यावर मी. हातमोजे घालून वाकलेली. मागं बासरी वाजत होती. पुढं नामदेवरावांची उघडी पाठ, कमरेखालपर्यंत. जखम तेवढी धूसर केली होती. बाकीचा माणूस धूसर करावा असं कुणाला सुचलं नाही. शेवटी माझे दोन फॉर्म शेजारी शेजारी दाखवले. आधी आठ, आता त्रेपन्न. दुसरा फॉर्म मी मार्चमध्ये भरून दिला होता, तो असा भिंतीएवढा होऊन समोर आला. तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

किशोरही टाळ्या वाजवत होता. स्वतःच्या बापाची पाठ समोर आणि हा टाळ्या वाजवतोय. आणि युवराज, जो मला आया म्हणाला होता, तो उभा राहून शेजाऱ्याला सांगत होता, माझी आई. प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. म्हाताऱ्या माणसाच्या कुजण्यावर ह्या लोकांना गोड रडू येतं. त्यांना ते पडद्यावर हवं असतं, बासरी लावून, वासाशिवाय.

मला न विचारता केलं हे सगळं. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

आज सकाळी गेले तर नामदेवराव पाठीवर ताठ झोपलेले. यादम्माच्या फोनवर तो व्हिडिओ आला होता आणि तिनं बिचारीनं कौतुकानं त्यांना दाखवला. मी म्हटलं, कुशीवर वळायचं ना? ते म्हणाले, "नाही." जखमेवर वजन टाकून ते तसेच पडून राहिले. मी तासभर उभी राहिले, मग घरी आले.

भाग्या


१२ एप्रिल

अक्का,

परवाच्या पत्रात खोटं लिहिलंय. ते पोस्टात पडलंय, परत घेता येत नाही, म्हणून हे दुसरं.

मला विचारलं होतं. मार्चच्या शेवटी प्रियदर्शिनी फोन घेऊन खोलीत आली आणि म्हणाली, आजी, दोन मिनिटं शूट करू का, इतरांना प्रेरणा मिळेल. मी मान डोलावली. एवढंच नाही, बाथरूममध्ये जाऊन केस सारखे केले, पदराला पिन लावली. नामदेवराव भिंतीकडे तोंड करून होते. त्यांना तिनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. छत्तीस वर्षांत पेशंटला पडद्यामागं घेतल्याशिवाय मी चादर काढली नव्हती, आणि त्या दिवशी उजेड नीट यावा म्हणून खिडकीचा पडदा मी माझ्या हातानं सारला.

काल पुन्हा गेले. त्यांना ताप भरायला लागला होता. मी म्हटलं, राग माझ्यावर काढा, जखमेवर काढू नका. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलले.

"तुमच्या जगण्याला अर्थ यावा म्हणून मी सडत पडायचं का, सिस्टर?"

मी भरत आलेली जखम बघून घरी यायची, गाढ झोपायची आणि सकाळी उद्देशानं उठायची. हे सगळं मी फॉर्मवर सहा-सात आकड्यांनी लिहून दिलं होतं. ती जखम नसती तर मी काय लिहिलं असतं?

मला आता त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यांची शिसारी येत नाही. ते निदान कुणाच्या पाठीवर उभं राहून हसत नाहीत.

भाग्या


६ मे

अक्का,

हे पत्र तुझ्या मुलाकडून, विकासकडून वाचून घेऊ नकोस. भिंग घे, वेळ लागला तरी स्वतः वाच.

आधी नामदेवरावांचं सांगते. चार दिवस त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ताप एकशे तीनवर गेला तेव्हा अलका माझ्या दारात आली. पायांत घरातल्या स्लिपर, अंगावर बँकेत जायची साडी. म्हणाली, ते तुम्हाला नको म्हणतात आणि आम्हालाही नको म्हणतात, काय करू ते सांगा. मी गेले. खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि नामदेवरावांना सांगितलं, मला विचारलं होतं, मी हो म्हटलं, केस विंचरले, पडदा मी सारला. किशोर मागं उभा होता, त्यानंही ऐकलं.

त्यांनी डाव्या हातानं किशोरला पुढं बोलावलं. मग म्हणाले, "ह्या दोघांना शिकवा. मग तुम्ही येऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून शिकवायला घेतलं. डॉक्टरनं इंजेक्शनं चालू केली होती. पहिल्या दिवशी किशोरनं पट्टी सोडली आणि बाथरूमकडे पळाला. ओकल्याचा आवाज खोलीत येत होता. नामदेवराव ऐकत होते, मी ऐकत होते, अलका गॉज हातात धरून उभी होती. मला वाटलं हा आता ऑफिसला निघून जाईल. पण तो तोंड धुऊन परत आला. डोळे लाल, नाक गळतंय. हातमोजे उलटे घातले, मी सुलटे करून दिले. बापाच्या पाठीला हात लावताना म्हणाला, "बाबा, दुखलं तर सांगा." नामदेवराव म्हणाले, "दुखतंय. कर."

तीन आठवडे हे चाललं. आता जखम लिंबाएवढी राहिलीय. ताप नाही. किशोर सकाळी करतो, अलका संध्याकाळी. अलकाचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. परवा मी शेवटची गेले. नामदेवरावांनी डावा हात उचलून नमस्कार केला. मीही हात जोडले. 'आनंदसंध्ये'ला जाणं सोडलंय. प्रियदर्शिनी घरी येऊन रडली. मी तिला व्हिडिओ सगळीकडून काढून टाकायला सांगितलं. काढला म्हणते. ज्यांच्या फोनवर गेलाय त्यांच्या फोनवर तो राहणारच.

तर अक्का, तो किशोर ओकून परत आला त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाही. कारण तो परत आला.

आईच्या वेळी मला सुटी मिळाली नाही असं मी सांगितलं. सरकारी नोकरीतून मी तीन वर्षं आधीच सुटले होते. नारायणगुड्याच्या नर्सिंग होममध्ये आठवड्यातून चार दिवस जात होते, कधीही सुटी मिळाली असती. तू फोनवर म्हणायचीस, पाठीला जखम झालीय, तुला कळतं, तू ये. आणि मी म्हणायची, बघते.

मी आले होते अक्का.

ऑगस्टमध्ये, एका बुधवारी. तू औषध आणायला गेली होतीस, विकास दुकानात होता. दार नुसतं लोटलेलं होतं. आई आतल्या खोलीत बाजेवर होती. तो वास मी हजार वेळा घेतलाय. त्या वासात उभं राहून मी डबा खाल्लाय. पण तो आईच्या अंगाला येत होता. लहानपणी इथल्या जामबागेतल्या शाळेत पोचवायला आपल्याला दोन बोटांना धरून नेणारी ती आई, आणि तिच्याजवळ मला पाऊल टाकवेना. परक्याचं शरीर माझ्यासाठी काम होतं. तिचं शरीर काम होईना, ते तिचंच राहिलं, आणि मला त्याची किळस आली.

तिनं मला बघितलं. हात उचलला. म्हणाली, "भागू, आलीस?"

मी म्हटलं, "हात धुऊन येते."

अंगणात आले, नळ सोडला. पाण्याचा आवाज तिला आत ऐकू जावा म्हणून जोरात सोडला. चप्पल घातली आणि बाहेर पडले. नळ बंद केला असता तर माझे हात धुऊन झाले असं तिला कळलं असतं, म्हणून तो तसाच वाहता ठेवला. तू परत आलीस तेव्हा अंगणभर पाणी झालं असेल. कुणी पोरांनी सोडला म्हणून तू ओरडली असशील.

त्यानंतर ती बारा दिवस होती. तिनं तुला सांगितलं नाही. तेराव्याला तू सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "सात महिन्यांत एकदाही आली नाहीस," तेव्हा मला कळलं की तिनं सांगितलं नाही. आणि मी ते तसंच राहू दिलं. येऊन पळाले म्हणण्यापेक्षा आलेच नाही म्हणणं बरं दिसत होतं. अकरा वर्षं मी तुझ्या शिव्या त्या हलक्या गुन्ह्यासाठी खाल्ल्या.

नळाचा आवाज ती किती वेळ ऐकत राहिली असेल, हा हिशेब मी आजवर केला नव्हता. आता रोज करते.

येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीनं उदगीरला येतेय. युवराजला सांगितलंय, त्यानं कारण विचारलं नाही. माफी मागायला येत नाही, ती आईनं द्यायची होती. तू दार उघडलंस तर आत येईन, नाही उघडलंस तर ओट्यावर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. फक्त इतकी वर्षं तुझ्याकडे चुकीची गोष्ट होती. राग धरायचाच असेल तर आता खऱ्या गोष्टीचा धर.

भागू